बायपास ठरली आहे, फाईलवरच्या 'रिस्क फॅक्टर्स'चं आता काय करायचं?

आभाळओळ

नमस्कार. माझे बाबा ६६ वर्षांचे आहेत. गेल्या आठवड्यात त्यांची अँजिओग्राफी झाली. तीन रक्तवाहिन्यांत ब्लॉकेज निघाले आणि डाव्या मुख्य वाहिनीतही अडथळा आहे. डॉक्टरांनी स्टेंटचा विचार बाजूला ठेवून बायपास सांगितली. तारीख आजपासून बारा दिवसांनी आहे.

फाईलच्या दुसऱ्या पानावर 'रिस्क फॅक्टर्स' अशी एक चौकट आहे. मधुमेह (१६ वर्षं), उच्च रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान (सोडलं), घरात हृदयविकार. पाचही ठिकाणी बरोबरची खूण. रिपोर्ट असे आहेत: एचबीए१सी ८.९, एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) १३८, क्रिएटिनिन (किडनीच्या कामाचा आकडा) १.५, हिमोग्लोबिन ११.२, हृदयाचं पंपिंग ४५ टक्के.

ते पान बघितल्यापासून आईने धसकाच घेतलाय. बारा दिवसांत सगळे आकडे खाली आणायचे म्हणून तिने बाबांचं जेवण निम्म्यावर आणलं. बाबांचं उलटंच. ते म्हणतात, "आता नवीन वाहिन्या बसवणार आहेत ना, मग जुन्या शुगरचं एवढं काय घेऊन बसलात?" दोघांनाही काय सांगावं ते कळत नाही. यातलं आत्ता बदलता येण्यासारखं काय आहे, आणि ऑपरेशनच्या दृष्टीने खरं काळजीचं काय आहे? ज्यांनी हे जवळून बघितलंय त्यांनी कृपया लिहा.

---

शुभ्रवेल

आभाळओळ, मी २२ वर्षं हृदयशस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे. आधी आईंना सांगा की जेवण निम्मं करू नका. ऑपरेशननंतर छातीचं हाड जुळायचं असतं, छातीची आणि पायाची जखम भरायची असते. त्याला प्रथिनं लागतात. अशक्त होऊन टेबलवर गेलेला माणूस उशिरा उठतो, हे मी कितीदा तरी बघितलंय.

आता त्या चौकटीबद्दल. ती बाबा इथवर कशामुळे पोचले ते सांगते. ऑपरेशन किती जोखमीचं आहे ते तिच्यावरून ठरत नाही. त्यासाठी वेगळे तक्ते असतात. युरोस्कोर नावाचा एक तक्ता खूप ठिकाणी वापरतात, त्याची २०१२ ची सुधारित आवृत्ती सध्या चालते. त्यात वय, किडनीचं काम, हृदयाचं पंपिंग, फुफ्फुसाचा जुनाट आजार, मानेच्या किंवा पायाच्या रक्तवाहिन्यांतले अडथळे, चालण्याफिरण्याची क्षमता, नुकताच येऊन गेलेला अॅटॅक, ऑपरेशन किती तातडीचं आहे, इन्शुलिनवर असलेला मधुमेह असं सगळं विचारतात. कोलेस्टेरॉलचा रकानाच त्यात नाही, सिगरेटचाही नाही. म्हणून सिगरेट निरुपद्रवी ठरत नाही. ती फुफ्फुसांच्या वाटेने आत शिरते. पण बाबांच्या बाबतीत ऑपरेशनच्या दिवशी टीमचं लक्ष १३८ एलडीएलपेक्षा १.५ क्रिएटिनिनकडे आणि ४५ टक्के पंपिंगकडे जास्त असेल.

पुढे ग्राफ्ट, म्हणजे ऑपरेशनमध्ये जोडलेली नवी वाहिनी, किती वर्षं टिकणार, हा आणखी वेगळा प्रश्न. तिथे मात्र फाईलवरची ती चौकट अख्खीच्या अख्खी परत येते. बाबांना नेमकं हेच सांगायला हवं.

बारा दिवसांत एचबीए१सी फारसा हलणार नाही, कारण तो साधारण तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी सांगतो. आणि डाव्या मुख्य वाहिनीत अडथळा असताना तो खाली यायची वाट बघत महिनोन्‌महिने थांबणं धोक्याचं. रोजची शुगर मात्र हातात आहे. ती एकदम पाडायची नाही, स्थिर ठेवायची. ऑपरेशननंतर आयसीयूत इन्शुलिनची ड्रिप लावून ती साधारण १८० च्या आत ठेवतात, कारण वाढलेल्या शुगरमुळे छातीच्या जखमेत जंतुसंसर्ग व्हायची भीती वाढते.

क्रिएटिनिन अँजिओग्राफीच्या आधीचं आहे की नंतरचं, ते बघा. त्या तपासणीच्या डायमुळे ते काही दिवस वाढलेलं दिसू शकतं. मधल्या काळात गुडघ्यासाठी वगैरे मनाने वेदनाशामक गोळ्या घ्यायच्या नाहीत, त्या किडनीला त्रास देतात. हिमोग्लोबिन का कमी आहे तेही विचारा. लोहाची कमतरता असेल तर डॉक्टर त्यावर काही करतील का, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आणि गोळ्यांची पूर्ण यादी लिहून न्या. क्लोपिडोग्रेल (रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ती गोळी) चालू असेल तर ती साधारण ५ दिवस आधी थांबवतात. शुगरच्या ज्या गोळ्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येतं, त्या किमान ३ दिवस आधी बंद करतात, नाहीतर शुगर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साठू शकतं. याउलट स्टॅटिन (कोलेस्टेरॉलची गोळी) आणि बीटा ब्लॉकर (ठोके आणि बीपी आवरणारी गोळी) आपल्या मनाने बंद केले तर नुकसान होतं. काय कधी थांबवायचं ते तुमच्या टीमकडून लेखी घ्या. मी इथे सांगितलं म्हणून एकही गोळी थांबवू नका.

---

वाटसरू५७

ताई, तुमच्या बाबांचं वाक्य वाचून पोटात कालवलं. अकरा वर्षांपूर्वी मीही अगदी हेच म्हणालो होतो.

माझी बायपास ५७ व्या वर्षी झाली. छातीतली एक धमनी आणि पायाच्या दोन शिरा वापरल्या. पहिली दोन वर्षं सगळं चोख. मग एका तपासणीत एलडीएल ६८ आला आणि मी स्वतःशीच ठरवलं की आता नॉर्मल झालं. स्टॅटिन बंद केली. कुणाला सांगितलंही नाही. गोळी घेत होतो म्हणून तो आकडा ६८ होता, एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही. बीपीची गोळीही आठवेल तेव्हा.

आठव्या वर्षी जिने चढताना तोच जुना दाब छातीत आला. पुन्हा अँजिओग्राफी. डॉक्टरांनी मला पडद्याकडे बघायला सांगितलं. छातीतल्या धमनीचा ग्राफ्ट एकसारखा, गुळगुळीत, शेवटपर्यंत भरलेला दिसत होता. पायाची एक शीर पूर्ण बंद, तिचा नुसता खुंट दिसत होता. दुसरी जागोजागी आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी. तिच्यात स्टेंट टाकावा लागला. ते चित्र अजून डोळ्यांसमोरून हलत नाही. एकाच छातीत, एकाच दिवशी, एकाच सर्जनने घातलेले ग्राफ्ट होते ते.

बाबांना माझं हे वाचून दाखवा.

---

मेघमल्हारी

वाटसरूकाका, मनापासून लिहिलंत. माझ्या सासऱ्यांच्या बायपासला चार वर्षं झाली आणि गेले सहा महिने ते स्टॅटिनला टाळाटाळ करताहेत. आजच त्यांना हे वाचायला देते.

---

अनुस्वार

वाटसरू५७ यांनी पडद्यावर जे बघितलं त्यामागचं कारण सांगतो. (मी फिजिशियन आहे, सर्जन नाही.)

पायाच्या शिरेला कमी दाबाची सवय असते. ती काढून हृदयावर बसवली की तिला अचानक धमनीचा दाब झेलावा लागतो, १२० आणि त्याहून वर. शीर त्याला तोंड द्यायला स्वतःची भिंत जाड करत जाते. पहिल्या महिन्यात धोका गुठळीचा असतो, म्हणून ॲस्पिरिन ऑपरेशननंतर काही तासांतच सुरू करतात. पहिल्या वर्षभरात आतलं अस्तर वाढतं. आणि मग वर्षानुवर्षं तोच जुना चरबीचा थर, ज्याने मूळ वाहिनी बंद केली होती, नव्या शिरेत जमायला लागतो. छातीच्या आतल्या धमनीचं अस्तर मुळात या थराला दाद देत नाही. आपल्याकडे सगळे तिला 'लिमा' म्हणतात. दहा वर्षांनी ९० टक्क्यांच्या आसपास लिमा उघड्या सापडतात, पायाच्या शिरा मात्र जेमतेम निम्म्या किंवा त्याहून थोड्या जास्त.

गंमत बघा, छातीतली धमनी हृदयाला जोडायचं काम लेनिनग्राडमध्ये कोलेसोव्ह यांनी १९६४ मध्येच केलं होतं. पण जगभर पसरली ती क्लीव्हलँडमध्ये १९६७ मध्ये फावालोरो यांनी रुळवलेली पायाच्या शिरेची पद्धत. लिमा दीर्घकाळ जास्त टिकते आणि माणूसही जास्त जगतो, हे १९८० च्या दशकात मोठ्या पाहणीतून पुढे आलं, तेव्हा कुठे ती सर्रास वापरली जाऊ लागली.

ऑपरेशनच्या आधी सर्जनना एक प्रश्न जरूर विचारा: कुठल्या वाहिनीला कुठला ग्राफ्ट लावणार? मनगटातली धमनी वापरण्याचाही पर्याय काही रुग्णांत असतो. मात्र किडनी कमजोर असेल आणि पुढे डायलिसिसची शक्यता असेल तर ती राखून ठेवतात. म्हणजे तुमचं क्रिएटिनिन इथेही आडवं येतं.

---

कौशिक_न

प्रश्न कदाचित बाळबोध असेल. किडनी नाजूक, मधुमेह, पंपिंग कमी. इतका धोका असेल तर स्टेंटच बरा ना? छाती उघडायची तरी गरज नाही.

---

अनुस्वार

बाळबोध अजिबात नाही, प्रत्येक घरात हा प्रश्न पडतोच. मधुमेह आणि अनेक वाहिन्यांत अडथळे असलेल्या १९०० रुग्णांवर फ्रीडम नावाचा अभ्यास झाला, २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. अर्ध्यांना औषधी स्टेंट, अर्ध्यांना बायपास. पाच वर्षांत मृत्यू, हार्ट अॅटॅक किंवा पक्षाघात यातलं काहीतरी झालं असे लोक स्टेंटच्या गटात २६.६ टक्के होते, बायपासच्या गटात १८.७ टक्के. पण पक्षाघात एकटा मोजला तर तो बायपासच्या गटात जास्त होता, ५.२ विरुद्ध २.४. म्हणून मानेच्या रक्तवाहिन्यांची डॉपलर तपासणी झाली आहे का ते बघा. बाबांनी कधीकाळी सिगरेट ओढली असेल तर नक्कीच.

स्टेंट एका जागेचा अडथळा उघडतो. मधुमेहात अख्खी वाहिनी आजारी असते. बायपासचा ग्राफ्ट त्या सगळ्या पट्ट्याला ओलांडून पुढे जाऊन जोडला जातो, त्यामुळे उद्या वरच्या भागात नवा अडथळा झाला तरी पुढचं रक्त चालू राहतं. मधुमेह म्हणून बायपास टाळायची, असं लोक समजतात. प्रत्यक्षात मधुमेह हे बायपास निवडायचं एक मोठं कारण असतं.

---

निशिगंध_३

मला त्या चौकटीतल्या कंसाबद्दल बोलायचंय. 'धूम्रपान (सोडलं)'.

माझ्या काकांच्या फाईलवरही असंच होतं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी भूलतज्ज्ञ बाई आल्या. आम्हा सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं आणि काकांना एकट्याला विचारलं, "शेवटची कधी ओढलीत?" काका म्हणाले, "परवा." घरात कुणालाच माहीत नव्हतं. नंतर फुफ्फुसात कफ साठून ते पाच दिवस ऑक्सिजनवर राहिले. त्या बाईंनी विचारलं म्हणून निदान तयारी तरी झाली.

ताई, रागावू नका, पण बाबांना एकदा एकटं गाठून विचारा. आईसमोर नको.

---

आभाळओळ

सगळ्यांचे खूप आभार. कालपासून हा धागा चार वेळा वाचला.

निशिगंध, विचारलं. गच्चीवर नेऊन विचारलं. आधी काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "दिवसाला दोन-तीन. अँजिओच्या आदल्या दिवसापर्यंत." मी ओरडले नाही. मला रडू आलं, तेव्हा त्यांनीच माझ्या पाठीवर हात ठेवला. आता नऊ दिवस उरलेत. कुणीतरी आईला सांगितलंय की ऑपरेशनच्या तोंडावर अचानक सोडली तर कफ आणखी वाढतो, त्यामुळे आता राहू द्या. हे खरं आहे का?

---

शुभ्रवेल

नाही. हा समज फार जुना आहे, पूर्वी आमच्यातलेही काही जण तसं म्हणायचे. नंतरच्या अभ्यासांत त्याला आधार मिळाला नाही. चार आठवडे किंवा त्याहून आधी सोडली तर फुफ्फुसांना फायदा जास्त, हे खरं. पण नऊ दिवसही वाया जात नाहीत. सिगरेटमधल्या कार्बन मोनॉक्साईडने अडवून ठेवलेला रक्तातला ऑक्सिजनचा वाटा एक-दोन दिवसांतच मोकळा होतो. आजच्या आज बंद, आणि भूलतज्ज्ञांना खरं सांगायचं. तोंडातली तंबाखू असेल तर तीही.

आणि तीन बॉलचं श्वासाचं यंत्र आजच आणा. ओठ नळीवर घट्ट मिटायचे, श्वास आत ओढायचा, हळू आणि लांब. पहिला बॉल उचलला की तिथेच दोन-तीन सेकंद धरायचा. झटका मारून तिन्ही उडवण्यात काही अर्थ नाही. उशी छातीशी घट्ट धरून खोकायची सवयही आत्ताच करून घ्या. ऑपरेशननंतर दुखत असताना नवीन काही शिकणं जड जातं. आत्ता शिकलेलं शरीराला आठवतं.

---

सांजवेळा

बायकांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. माझ्या आईच्या छातीत कधीच दुखलं नाही. दम लागायचा, जबडा आणि पाठ भरून यायची, थकवा असायचा. दीड वर्ष आम्ही ॲसिडिटी आणि वय म्हणून काढलं. बायपासपर्यंत पोचली तेव्हा ती ७१ ची होती आणि पंपिंग ३५. सर्जन म्हणाले की बायकांच्या वाहिन्या बारीक असतात, जोडायला अवघड, आणि बायका येतातही उशिरा, वय आणि मधुमेह सोबत घेऊन. त्या युरोस्कोर तक्त्यात स्त्री असण्याचेही वेगळे गुण धरतात, हे मला तेव्हा कळलं. आई आज छान आहे. पण ते दीड वर्ष मला अजून सलतं.

---

अनुस्वार

सांजवेळा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. मधुमेह असेल तर छातीत न दुखण्याची शक्यता आणखी वाढते, पुरुषांतसुद्धा.

आभाळओळ, एक गोष्ट तुमच्यासाठी. 'घरात हृदयविकार' ही खूण बाबांच्या फाईलवर आहे, म्हणजे कदाचित तुमच्याही फाईलवर यायची आहे. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल तर तो कौटुंबिक धोका मानतात. बाबा ६६ चे, पण त्यांना लक्षणं कधी सुरू झाली आणि त्यांच्या भावंडांत काय झालं ते विचारा. तुम्ही भावंडांनी बीपी, शुगर, लिपिड एकदा तपासून घ्या, आणि त्यासोबत लायपोप्रोटीन-ए, म्हणजे रक्तातला कोलेस्टेरॉल वाहून नेणारा एक घटक. ते बहुतांशी आनुवंशिक असतं, जेवणाने किंवा व्यायामाने फारसं बदलत नाही, म्हणून आयुष्यात एकदा तपासलं तरी सहसा पुरतं.

'रिस्क फॅक्टर' हा शब्दच मुळात रुळला तो फ्रॅमिंगहॅम या अमेरिकेतल्या छोट्या गावामुळे. १९४८ पासून तिथल्या धडधाकट माणसांना वर्षानुवर्षं तपासत राहिले आणि कुणाला पुढे हृदयविकार होतो ते बघितलं. २००४ मध्ये ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासाने दाखवलं की पहिल्या हार्ट अॅटॅकचा सुमारे ९० टक्के धोका नऊ गोष्टींत मावतो, आणि त्या सगळीकडे त्याच आहेत. त्या नवांत मनावरचा ताणही आहे. त्याचा रकाना फाईलवर नसतो.

---

वाटसरू५७

डॉक्टरांच्या शेवटच्या ओळीला जोडून लिहितो. ऑपरेशननंतर तिसऱ्या आठवड्यापासून मला विनाकारण रडू यायचं. झोप नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही. टाके भरत होते, रिपोर्ट चांगले होते, त्यामुळे कुणाच्या लक्षात आलं नाही. बायकोने फॉलोअपला मुद्दाम सांगितलं तेव्हा डॉक्टर म्हणाले की हे बऱ्याच जणांना होतं, आणि लक्ष दिलं नाही तर गोळ्या, चालणं, सगळंच सुटत जातं. माझं सुटलं त्याची सुरुवात कदाचित तिथेच झाली. ताई, बाबा गप्प झाले तर ते बरे होताहेत असं धरून चालू नका.

---

आभाळओळ

उशिरा लिहितेय, माफ करा. ऑपरेशन झालं, आज सहावा दिवस. एक लिमा आणि पायाच्या दोन शिरा. मानेची डॉपलर ठीक निघाली होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे मॉनिटर वाजायला लागला, ठोके १४० आणि अनियमित. मी हादरले. सिस्टर म्हणाल्या की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हे बऱ्याच जणांना होतं, वय वाढलं की जास्त. औषध दिलं, रात्रीपर्यंत ठोके जागेवर आले. क्रिएटिनिन १.९ पर्यंत चढलं होतं, आज १.५ वर परत आलंय. कफ झाला, पण ऑक्सिजन कालच काढला. शुभ्रवेलताई, ते यंत्र आधी आणलं म्हणून तुमचे किती आभार मानू! आज दोन बॉल वर गेले आणि टिकले.

घरी सोडताना स्टॅटिनचा डोस वाढवून दिलाय. एलडीएल किती खाली यायला हवा? आणि पुन्हा तपासायचा कधी?

---

शुभ्रवेल

किती बरं वाटलं वाचून! एलडीएल ७० च्या खाली तर हवाच. २०१९ च्या युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांत अशा रुग्णांसाठी ५५ च्या खाली, आणि मूळ आकड्याच्या निम्म्याहून कमी, असं दोन्ही सांगितलंय. डोस बदलल्यावर साधारण ४ ते १२ आठवड्यांनी तपासतात. स्टॅटिनने पुरेसा उतरला नाही तर दुसरी गोळी जोडतात, म्हणून आकडा आला की डॉक्टरांना दाखवायचाच. बीपीची वही घाला. छातीचं हाड जुळेपर्यंत जड उचलायचं नाही, आणि हृदयरुग्णांच्या पुनर्वसनाचा कार्यक्रम उपलब्ध असेल तर नाव आजच नोंदवा.

---

आभाळओळ

नोंदवलं. वही बाबांनीच मागून घेतली. पहिल्या पानावर चार रकाने आखलेत: तारीख, बीपी, शुगर, एलडीएल. मग थोडा वेळ थांबून पाचवा रकाना आखला, 'सिगरेट', आणि आजच्या तारखेसमोर शून्य घातलं. वाटसरूकाका, तुमचा प्रतिसाद त्यांनी माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. त्यांना तुमच्याशी बोलायचंय. व्यक्तिगत निरोप पाठवलाय, सवडीने बघाल का?